त्वचेच्या टेबलावरही मोजपट्टी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागांत आरोग्य तपासणी शिबिरे सुरू होतात आणि त्यांच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर येतात. शाळेच्या व्हरांड्यात एका टेबलावर बी.पी. आणि शुगर, दुसऱ्यावर डोळे, आणि कुठेतरी कोपऱ्यात त्वचारोग, अशी मांडणी बहुतेक ठिकाणी असते. सोरायसिसचा, म्हणजे अंगावर लाल चट्टे उठून कोंडा सुटणाऱ्या त्वचारोगाचा, रुग्ण कोपऱ्यातल्या टेबलाशी जातो, मलमाची ट्यूब घेतो आणि घरची वाट धरतो. त्याची कंबर कोणी मोजत नाही. पलीकडच्या टेबलावर शुगर २१० निघालेला माणूस बसलेला असतो; त्याच्या कोपरावरचे चट्टे शर्टाच्या बाहीखाली असतात आणि बाही वर करा, असे त्याला कोणी म्हणत नाही. ही दोन टेबले शेजारी शेजारी आणावीत, एवढ्यासाठी हे पत्र. जागा जरा जास्त लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

आधी एक गोष्ट एका ओळीत संपवतो. सोरायसिस शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणात झोपल्याने कोणाला होत नाही. नायटा पसरतो, हा पसरत नाही.

निरोगी कातडीतली पेशी तळापासून वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे घेते. सोरायसिसच्या चट्ट्यात तोच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. कच्च्याच पेशी एकावर एक चढतात, चांदीसारखे पांढरे पापुद्रे सुटतात आणि सकाळी चादर झटकली की भुसा पडावा तसा कोंडा पडतो. पेशींना ही घाई लावते ती शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी आणि इंटरल्युकिन-२३, इंटरल्युकिन-१७, टी.एन.एफ.-अल्फा ही सूज चेतवणारी द्रव्ये, ही त्यातली ठळक नावे. ही द्रव्ये चट्ट्यापुरती थांबत नाहीत, रक्तातून फिरतात. टी.एन.एफ.-अल्फा इन्शुलिनच्या कामात खोडा घालते: इन्शुलिन पेशीच्या दारापर्यंत येते, पण त्याचा निरोप आत पोचत नाही आणि साखर रक्तातच राहते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही हीच सूज लागते.

दुसऱ्या बाजूने पाहा. आतड्यांभोवती साठणारी चरबी म्हणजे ज्वारीची कणगी नव्हे, की भरली आणि गप्प राहिली. ती स्वतः टी.एन.एफ.-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ सोडते, सूज चेतवणारे लेप्टिन वाढवते आणि सूज आवरणारे ॲडिपोनेक्टिन कमी करते. म्हणजे पोट कातडीला चिथावते आणि कातडीची सूज पुन्हा साखरेला. दोन्ही बाजूंचे वजन मात्र सारखे नाही. जनुकीय माहितीवर बेतलेल्या अभ्यासांत जास्त वजनामुळे सोरायसिस होण्याचा पुरावा पक्का मिळाला, सोरायसिसमुळे वजन वाढण्याचा तितका मिळाला नाही. म्हणून वजन हाताळणे हा सोरायसिसच्या उपचाराचाच भाग आहे. ‘नंतर बघू’ असल्या यादीत तो टाकू नये.

अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सोरायसिसच्या रुग्णांत मेटाबॉलिक सिंड्रोमची (पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी एकत्र बिघडण्याची) शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट निघाली, आणि अंगावर चट्टे जितके जास्त तितकी ती वाढत गेली. २००६ साली ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींवरून झालेल्या अभ्यासात तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या माणसाला हृदयविकाराच्या झटक्याचा धोका समवयस्कांच्या तिप्पट दिसला. तिशीत मूळ धोकाच लहान असतो, त्यामुळे तिप्पट ऐकून घाबरून जायचे कारण नाही. पण आपल्या देशात हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचावा. जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ साली ठराव करून सोरायसिसला गंभीर असंसर्गजन्य रोगांत धरले. अमेरिकेच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शनात सोरायसिस हा हृदयाचा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदलेला आहे. आपल्याकडच्या केसपेपरवर मात्र अजून ‘मलम चालू’ एवढेच असते.

मोजायचे काय, तर पाच गोष्टी. कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर किंवा जास्त, बायकांत ८० किंवा जास्त. रक्तदाब १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा वर. आणि चांगले समजले जाणारे एच.डी.एल. कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० च्या खाली, बायकांत ५० च्या खाली. यांतल्या कोणत्याही तीन बसल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम. बी.पी.ची किंवा शुगरची गोळी आधीच चालू असेल तर आकडा आज ठीक दिसला तरी ती बाब बसली असेच धरायचे. हे विसरण्याची चूक शिबिरांत फार होते.

कंबर मोजणे सोपे वाटते, पण सगळ्यात जास्त चुकते तेच. पँटचा नंबर ३४ म्हणजे कंबर ३४ इंच नव्हे. पट्टा पोटाच्या खाली सरकलेला असतो. साडीच्या निऱ्यांवरून किंवा धोतराच्या गाठीवरून पट्टी धरली तर तीन-चार सेंटिमीटर फुकटचे वाढतात. माणसाला पावलांत थोडे अंतर ठेवून उभे करावे. बगलेच्या रेषेत सर्वांत खालची बरगडी बोटाने चाचपावी, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपावा आणि दोहोंच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करावी. शिंप्याची पट्टी त्या खुणेवरून जमिनीला समांतर फिरवावी, पाठीमागे ती खाली घसरत नाही ना ते पाहावे. रुग्णाने साधा श्वास सोडला की आकडा वाचावा. पोट आत ओढू देऊ नये. बहुतेक जण ओढतातच. पट्टी टेकलेली असावी, रुतलेली नसावी. इंचांत मोजणाऱ्यांनी साडेपस्तीस आणि साडेएकतीस हे दोन आकडे पट्टीवर लाल शाईने आखून ठेवावेत.

पट्टी फिरवतानाच नजर कातडीकडे ठेवावी. परकराची नाडी जिथे रुतते तिथे गोल पट्ट्यासारखा चट्टा उठलेला दिसतो. सोरायसिस असलेल्या कातडीला घासणी, खरचटणे, भाजणे काहीही झाले की त्याच जागी नवा चट्टा उठतो, त्याचा हा परिणाम. निपाणी भागात बिडी वळणाऱ्या बायकांच्या तळव्यांवर जाड, भेगाळलेली कातडी दिसली की ‘कामाने झाली’ म्हणून सोडून दिली जाते. दोन्ही तळवे आणि दोन्ही तळपाय पाहावेत, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का ते बघावे, कानामागे आणि बेंबीत डोकावावे. पोट सुटलेल्या माणसात जांघेत आणि छातीखालच्या घडीत लाल, गुळगुळीत, कोंडा नसलेला सोरायसिस असतो. तो हमखास बुरशी समजून घासला जातो.

रक्त ८ ते १२ तास उपाशी राहून द्यावे. पहाटेचा चहाही नको. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. पण आपल्याकडच्या बायकांत रक्तक्षय सर्रास असतो आणि लोहाच्या कमतरतेत हा आकडा खोटा वाढू शकतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहूनच निदान करावे.

आता यकृत. सोरायसिसच्या रुग्णांत फॅटी लिव्हर इतरांपेक्षा बरेच जास्त सापडते. सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ लिहून आले की कागद घडी घालून ठेवला जातो, कारण दुखत काहीच नाही. यकृतात वण पडायला लागला आहे का, याचा प्राथमिक अंदाज साध्या रक्त तपासणीतून निघतो. त्याला फिब-४ म्हणतात. एस.जी.ओ.टी. आणि एस.जी.पी.टी. हे यकृताच्या रक्त तपासणीतले आकडे. वय गुणिले एस.जी.ओ.टी.; त्याला भागायचे प्लेटलेट गुणिले एस.जी.पी.टी.च्या वर्गमुळाने. समजा वय ५०, एस.जी.ओ.टी. ४८, एस.जी.पी.टी. ६४ आणि प्लेटलेट १.८० लाख. सूत्रात प्लेटलेट १८० घ्यायचे. वर २,४००, खाली १८० गुणिले ८ म्हणजे १,४४०, उत्तर १.६७. १.३ च्या खाली असेल तर निर्धास्त, २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञ गाठावा, मधे असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी. पासष्टीनंतर खालची रेघ २ धरतात आणि पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचे नाही. मोबाइलवर दोन मिनिटांचा हिशोब आहे. तरीही सोरायसिसवरचे मेथोट्रेक्झेट हे औषध सुरू करण्याआधी तो किती ठिकाणी होतो, हा प्रश्न आमच्या व्यवसायबंधूंनी स्वतःला विचारावा.

मेथोट्रेक्झेटवर थोडे थांबावे लागेल, कारण कातडी आणि चयापचय यांची गाठ इथेच पडते. औषध स्वस्त, जुने, गुणकारी. मात्रा साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, आणि ती आठवड्यातून एकदा. रोज नव्हे. आपल्याकडे औषध दुकानात पाकिटावर १-०-०, १-०-१ अशा खुणा करायची सवय आहे. मेथोट्रेक्झेटच्या पाकिटावर १-०-० लिहिले की रुग्ण रोज सकाळी एक गोळी घेतो, आणि आठवडाभरात तोंड सोलवटते, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कोसळतात, ताप येतो. यातून माणूस दगावू शकतो. तोंडात फोड हे पहिले लक्षण. ते दिसताच औषध थांबवून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. यावर ल्युकोव्होरिन हा उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. औषध विक्रेत्यांना विनंती की या एका औषधापुरती खुणेची भाषा सोडावी आणि ‘आठवड्यातून एकदाच, फक्त अमुक वारी’ असे अक्षरांत लिहावे, मराठी वाचणाऱ्याला मराठीत, कन्नड वाचणाऱ्याला कन्नडमध्ये. वार ठरवताना गावच्या आठवडी बाजाराचा धरावा. तो कोणी विसरत नाही. २.५ च्या चार गोळ्या घेणाऱ्याला दुकानदाराने १० ची पट्टी दिली आणि त्याने त्याही चार घेतल्या, असेही घडू शकते. म्हणून दर वेळी एकाच ताकदीची गोळी मागावी. फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम दुसऱ्या वारी.

सुरू करण्याआधी सी.बी.सी. (रक्तपेशींची मोजणी), यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), हिपॅटायटिस बी आणि सी, एच.आय.व्ही. व छातीचा एक्स-रे. सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त, मग दर दोन-तीन महिन्यांनी. रक्त पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी द्यावे. डोस घेतल्यावर एक-दोन दिवस एस.जी.पी.टी. तात्पुरते वर जाते. त्याच दिवशी रक्त दिले तर यकृत बिघडले असे वाटून चांगले चाललेले औषध बंद होते. लठ्ठपणा, मधुमेह आणि दारू, यांपैकी काहीही असेल तर मेथोट्रेक्झेटने यकृतात वण पडण्याची शक्यता वाढते. तिन्ही असतील तर दुसरे औषध शोधावे. दारूबाबत ‘फक्त रविवारी’ ही सवलत नाही. लघवीच्या जळजळीला सहज लिहिले जाणारे को-ट्रायमोक्साझोल मेथोट्रेक्झेटसोबत घातक ठरते. मूत्रपिंड कमकुवत असेल तर वेदनाशामक गोळ्याही. गर्भारपणात हे औषध अजिबात चालत नाही. मूल हवे असलेल्या जोडप्याने आधी डॉक्टरांशी बोलावे.

बाकीची औषधे थोडक्यात. सायक्लोस्पोरिनने रक्तदाब आणि क्रिएटिनिन वाढते, पहिले तीन महिने दर पंधरवड्याला दोन्ही पाहावे लागतात. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तिची मात्रा बदलावी लागते आणि सिम्व्हास्टॅटिन तर सोबत चालतच नाही. ॲसिट्रेटिनने ट्रायग्लिसराइड चढते. ज्यांना पुढे मूल हवे अशा बायकांना ते देत नाहीत, कारण बंद केल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. ॲप्रेमिलास्टने सुरुवातीला जुलाब होतात आणि वजन थोडे उतरते, लठ्ठ रुग्णाला ते पथ्यावरच पडते. टी.एन.एफ.विरोधी इंजेक्शनांनी काहींचे वजन वाढते, हृदय फार कमकुवत असेल तर ती देत नाहीत, आणि आपल्याकडे ती देण्याआधी क्षयाची तपासणी चुकवून चालत नाही. ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा उपचार यकृताला काहीच भार देत नाही, पण तो आठवड्यातून दोन-तीनदा, वीस-तीस वेळा घ्यावा लागतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या माणसाने त्यासाठी दर वेळी बेळगाव गाठायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. फॅटी लिव्हर असलेल्यालाही शेवटी गोळीच मिळते, याचे एक कारण हे एस.टी.चे वेळापत्रक आहे.

सोरायसिसचे औषध चालू आहे म्हणजे हृदय आपोआप सांभाळले जाते, असेही धरू नये. हृदयविकार झालेल्या आणि मधुमेह किंवा मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या हजारो रुग्णांना कमी मात्रेत मेथोट्रेक्झेट देऊन पाहिले गेले. २०१९ साली आलेल्या निष्कर्षांत त्याने झटके कमी झाले नाहीत. ते रुग्ण सोरायसिसचे नव्हते, तरी धडा उपयोगी आहे. बी.पी.ची, साखरेची, कोलेस्टेरॉलची गोळी ज्याला लागते त्याला ती लागतेच. साखरेचे मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलचे ॲटोरव्हास्टॅटिन जन औषधी केंद्रात स्वस्तात मिळतात आणि त्यांनी सोरायसिस वाढतो ही समजूत खोटी आहे. बीटा ब्लॉकर गटातल्या बी.पी.च्या गोळ्या, मनोविकारातले लिथियम आणि मलेरियावरचे क्लोरोक्विन यांनी मात्र काहींचे चट्टे भडकतात. तरी बीटा ब्लॉकर स्वतःहून सोडू नये. झटका येऊन गेलेल्याने ती गोळी एकाएकी थांबवली तर छातीत दुखणे उसळू शकते. लिहिणाऱ्या डॉक्टरला चट्टे दाखवावेत, पर्याय तो देईल.

आता सुईबद्दल. ‘एक सुई मारली की आठ दिवसांत अंग साफ’ ही कीर्ती गावोगाव आहे आणि ती खोटीही नाही. ती सुई बहुतेक वेळा ट्रायमसिनोलोनसारख्या स्टिरॉइडची असते. आठ दिवसांत चट्टे खरेच मावळतात. महिना-दीड महिन्याने असर उतरला की ते दुपटीने परततात, कधी अंगभर पू भरलेले बारीक फोड घेऊन, कधी नखशिखांत लाल होऊन. पहिल्या सुईने जिंकलेला रुग्ण दुसरी मागतो. चार-पाच सुयांत चेहरा गोल होतो, पोट सुटते, रक्तदाब चढतो आणि १३० वर असलेली साखर ३०० ओलांडते. मग तो मधुमेहाचा म्हणून वेगळ्या डॉक्टरकडे जातो आणि सुईचा उल्लेखही करत नाही, कारण त्याच्या लेखी ती ‘कातडीची’ होती. लेबल नसलेल्या पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेले सापडते. महिनोन्‌महिने असे काही घेतलेल्याने ते एका दिवसात बंदही करू नये, शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड झोपलेले असते. डॉक्टरच्या देखरेखीखाली उतरत्या मात्रेने सोडावे लागते.

मलमांचीही तीच तऱ्हा. क्लोबेटासोल, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र घातलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, दिली मात्र जाते. हे मलम जांघेत लावले तर महिन्याभरात कातडी कागदासारखी पातळ होते आणि तिच्यावर जन्मभराचे पांढुरके वळ उठतात. लिहून दिलेले मलम किती घ्यायचे, तर तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि ती दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. त्याखेरीज आंघोळीनंतर अंग टिपून तीन मिनिटांच्या आत खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली. थंडीत हे दिवसातून दोनदा. खसखसून घासणे, दगडाने पापुद्रे काढणे बंद.

खाण्याबाबत पथ्ये भरपूर पाळली जातात, फक्त चुकीची. वांगे सोडले, आंबट सोडले, अंडी सोडली, मासे सोडले. चहातली साखर तशीच. वांग्याने सोरायसिस वाढतो याला आधार नाही, आणि अंडी-मासे-डाळ तोडल्याने प्रथिने मात्र कमी पडतात, तीही कोंड्यावाटे प्रथिने गमावणाऱ्या माणसाची. गहू सोडायचा तो फक्त सिलिॲक रोगाच्या (गव्हाने आतडे बिघडणाऱ्या) रक्त तपासणीत दोष निघाला तर. साखरेचा हिशोब मांडा: दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे, चमच्याला ५ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम. माणशी महिन्याला दीड किलो, नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटना सगळे धरून ५० च्या आत आणि शक्यतो २५ च्या आत राहायला सांगते. ‘आम्ही गुळाचा पितो’ हे उत्तर आपल्या ऊसपट्ट्यात ठरलेले. गुळाला चव वेगळी, साखर तीच. उसाच्या रसाच्या एका पेल्यात ३० ग्रॅमच्या आसपास साखर जाते. कुंदा किंवा करदंट सणाला लिंबाएवढा खाल्ल्याने काही बिघडत नाही. रोज पाहुण्याच्या निमित्ताने बशी भरली की बिघडते. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, चौघांच्या घरात दोन लिटर. मीठ दिवसाला एक छोटा चमचा, त्यात पापड, लोणचे, खर्डा सगळे आले. भाकरी ज्वारीची असो की नाचणीची, चार खाल्ल्या तर चारच. ताटातली अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला द्यावी, उसळ किंवा आमटी घट्ट असावी.

वजन ५ ते १० टक्के उतरले तरी फरक दिसतो. ८० किलोच्या माणसाला ४ ते ८ किलो, आठवड्याला अर्धा किलोच्या बेताने. इटलीत ३०३ वजनदार रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ज्यांना औषधासोबत २० आठवडे आहार आणि व्यायामाचा आखीव कार्यक्रम दिला त्यांच्या सोरायसिसची तीव्रता ४८ टक्क्यांनी घटली; ज्यांना नुसता सल्ला दिला त्यांची २५.५ टक्क्यांनी. शेवटी फरक पडला तो तिथे, की ‘वजन कमी करा’ एवढे बोलून थांबले नाहीत. आठवड्याला १५० मिनिटे चालावे. तळपायाला भेगा असतील तर जेली लावून जाड सुती मोजा आणि मोकळी चप्पल. बिडी-सिगारेट सोरायसिसही वाढवते आणि रक्तवाहिन्याही बिघडवते. तंबाखूवर पोट असलेल्या भागात हे लिहिणे सोपे नाही, तरी लिहिले पाहिजे.

चालायला सांगितल्यावर टाच दुखते म्हणणाऱ्याला आळशी ठरवू नये. सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ सांधे आखडणे, टाचेच्या मागे दुखणे, एखादे बोट सुरळीसारखे सुजणे हे सोरायसिसच्या संधिवाताचे लक्षण असते. तो वेळेत न ओळखल्यास सांधे कायमचे वाकतात. त्यावर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या की बी.पी. आणि मूत्रपिंड, दोन्ही हातचे जातात.

सीमाभागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. इथला रुग्ण कातडीसाठी कोल्हापूर किंवा मिरजेला जातो, छातीसाठी बेळगावला, शुगरसाठी गावातल्या दवाखान्यात, आणि ताप-जुलाबाला मिळेल तिथे. चार ठिकाणचे चार कागद, कोणाचा कोणाला पत्ता नाही. एकाने मेथोट्रेक्झेट लिहिलेले, दुसऱ्याने बीटा ब्लॉकर, तिसऱ्याने को-ट्रायमोक्साझोल. यावर शंभर पानी वहीइतका स्वस्त इलाज दुसरा नाही. पहिल्या पानावर सगळ्या औषधांची नावे, मात्रा आणि मेथोट्रेक्झेटचा वार. दुसऱ्या पानावर कंबर, वजन, बी.पी., साखर, लिपिड, एस.जी.ओ.टी., एस.जी.पी.टी., प्लेटलेट यांचे रकाने, तारखेसह. चट्टे थोडे असतील तर वर्षातून एकदा भरायचे, पोटातून औषध चालू असेल किंवा अंग बरेच व्यापले असेल तर सहा महिन्यांनी. तिसऱ्या पानावर घेतलेल्या सुया, नाव माहीत नसले तरी तारीख. वही पिशवीत राहिली पाहिजे, कपाटात नव्हे.

शासनाकडे मागणी लहानच आहे. आशा सेविका तिशीवरच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात कंबरेचा घेर, तंबाखू, दारू, हालचाल हे आहेच. कुष्ठरोगासाठी बधिर चट्ट्यांचा प्रश्नही आहे. म्हणजे पट्टीही तिच्या हातात आहे आणि कातडीचा विषयही निघतोच. त्याच ओळीखाली ‘कोपर, गुडघा, डोक्यावर कोंडा सुटणारे लाल चट्टे आहेत का?’ एवढा एक प्रश्न वाढवावा आणि हो म्हणणाऱ्याला, फॉर्ममधला त्याचा एकूण गुणांक कितीही असो, बी.पी.-शुगरच्या तपासणीला बोलवावे. प्रश्न विचारला जावा तो घरातल्या भाषेत.

शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी तर कोणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. त्वचेच्या टेबलावर एक शिंप्याची पट्टी, एक वजनकाटा, बी.पी.चे यंत्र आणि त्याचे दोन पट्टे ठेवावेत. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा लागतो, नाहीतर बी.पी. खोटेच जास्त येते. रुग्णाला आधी पाच मिनिटे खुर्चीत टेकून बसवावे, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. बोटाच्या टोकाची साखर केव्हाही घेतलेली १४० च्या वर असेल तर उपाशीपोटीच्या तपासणीची चिठ्ठी द्यावी. शुगरच्या टेबलावर बसणाऱ्याने बाह्या आणि पँटचे पाय वर करायला सांगावे. आणि दोन्ही टेबलांमागे एक पडदा लावावा. दोन खिळ्यांना बांधलेली जुनी साडीही चालते, पण तेवढी आडोशाची सोय नसेल तर बाई गुडघ्यावरचा चट्टा दाखवणार नाही आणि पट्टी साडीवरूनच फिरेल.

आपले,
बेळगाव-निपाणी भागात त्वचारोग आणि मधुमेहाचे रुग्ण पाहणारे काही डॉक्टर